ग्रुपवर गेलेले बारा शब्द

लॅपटॉपवर लिनक्स टाकलं ते हौसेने नाही. त्या जुन्या मशीनवर दुसरं काही धड चालेना. मी रोह्याजवळ वरस्याला राहते आणि पेणला दादाच्या गणपतींच्या कारखान्यासाठी दागिन्यांची नक्षी संगणकावर काढून देते. घरचं काम म्हणून त्याचे पैसे कधी मागितले नाहीत. मग परदेशातल्या एका गिऱ्हाइकाने थेट माझ्याकडून नक्षी घेतली आणि पैसे क्रिप्टोत, म्हणजे डिजिटल चलनात, देईन असं सांगितलं. ही कमाई माझ्याच हातात राहणार, असं मी ठरवूनच टाकलं.

हे पैसे ठेवायचं ॲप, म्हणजे वॉलेट, बसवायला वाचून वाचून शिकले. उतरवलेली फाइल खरंच बनवणाऱ्यांची आहे का, हे टर्मिनलमध्ये त्यांची डिजिटल सही ताडून बघायचं असतं. पहिल्यांदा सही जुळेना. फाइल सरळ उडवली आणि पुन्हा उतरवली. अडाणी असेन, पण गाफील नाही.

शेवटी कारखान्यात बसून वॉलेट चालू केलं आणि त्याने बारा इंग्रजी शब्द दिले. हे शब्द ज्याच्या हाती, पैसे त्याचे. कागदावर लिहायचे, फोटो काढायचा नाही, कुणाला दाखवायचे नाहीत. मी चिठ्ठीवर उतरवले. दुपारी पैसे आले, आणि मी खुशीत चहा घ्यायला उठले.

आता कारखान्याची शिस्त अशी, की जमिनीवर सापडलेली चिठ्ठी कुणाच्या तरी ऑर्डरचीच असते. ऑर्डर चुकू नये म्हणून फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. ग्रुपवर रंगारी, टेम्पोवाले, दुकानदार, सगळे. टेबलावर राहिलेली माझी चिठ्ठी पंख्याने उडाली, दादाने उचलली. कप हातात असतानाच माझा मोबाइल वाजला. बाराही शब्द, आणि खाली, "ही कोनाची ऑर्डर हाय?"

एका रंगाऱ्याने लगेच विचारलं, "शेठ, ह्ये रंगांची नावा हायत काय?"

"ऑर्डर नाय, माझ्या पैशांचे शब्द हायत ते!" मी ओरडत आत गेले.

"डिलीट केला, झाला. बोंबलतेस कशाला गो?" दादा म्हणाला.

पण तोवर तो फोटो किती मोबाइलांत उतरला असेल, देव जाणे. पुन्हा काही फुटू नये म्हणून नेट तोडलं, नवं वॉलेट काढलं, नवे शब्द लिहून कागद ब्लाउजमध्ये खोचला. मग नेट जोडलं. शहाणी माणसं आधी थोडे पैसे पाठवून बघतात. मला तेवढा धीर नव्हता. नव्या वॉलेटच्या पत्त्याचं अक्षर न् अक्षर ताडलं आणि जुन्यातले सगळे पैसे एकदम तिकडे पाठवले. पोचले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

दादा स्टूल ओढून समोर बसला. "नवीन शब्द माझ्याकडं दे. कपाटात ठेवतो."

त्या कपाटात घरातल्या सगळ्यांची पासबुकं आहेत, वहिनीचे दागिने आहेत, माझ्या लग्नातल्या बांगड्यासुद्धा आहेत. किल्ली दादाच्या खिशात. तो वाईट नाही, कुणाचं कधी खाल्लेलं नाही. तरी मला राग आला.

"नाय देनार."

"भावावर इस्वास नाय?"

"इस्वास हाय. शब्द नाय देनार."

रंगाऱ्यांचे ब्रश थांबले.

"उद्या तू इसरलीस तर? समदा बुडंल."

"बुडू दे. माझा बुडंल."

त्याने खिशातली किल्ली चाचपली. "ह्या घरात मला ठाव नाय असा काय पन नाय."

"आता हाय, दादा," मी म्हटलं.