सुजाताच्या गाडीची ट्रायल मी घेतली

सुजाता मोर्णा नदीच्या पुलाच्या चढावर सायकल हातात धरून ढकलत होती. कॅरिअरला डब्यांच्या पिशव्या बांधलेल्या. सायकल इलेक्ट्रिक, मीच विकलेली. मला वाटलं बॅटरी बसली. जवळ जाऊन पाहिलं तर हँडलवरचे सगळे दिवे हिरवे.

"चार्जिंग भरलेली आहे, मग पायी काहून चालून राहिली वं?"

ती थांबली नाही. "काही नाई मावशी. पाय मोकळे करून राहिली."

गुडघा झिजलेली बाई डब्यांचं ओझं घेऊन पाय मोकळे करत नसते. मी मागून कॅरिअर धरलं.

जुन्या शहरात माझं सायकलचं दुकान आहे. नवरा होता तेव्हा तो पाना-पक्कड चालवायचा आणि मी चाक धरायचे. तो गेल्यावर दोन्ही कामं मीच करते. आता अमरावतीचा एक डीलर इलेक्ट्रिक सायकली पाठवतो. सोबतच्या इंग्रजी पुस्तकात काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही. मी स्वतः चालवून पाहते आणि गिऱ्हाइकाला सांगते.

सुजाता एका खानावळीचे डबे पोचवते. नदीपलीकडे होस्टेलची मुलं असतात, ती तिची मोठी फेरी. उजवा गुडघा गेल्यापासून तिला उशीर होऊ लागला. खानावळवालीने सांगून टाकलं, डबे थंड पोचले तर ती फेरी दुसरीला देईन. डॉक्टर म्हणाले सायकल चालेल, गुडघ्यावर जोर नको. हे सगळं तिने मला सांगितलं होतं. मी तेव्हा एका चाकाचे स्पोक ताणत होते.

दुकानात तेव्हा तीन हलक्या गाड्या होत्या. ट्रायल तिने घेतली नाही. आमच्या गल्लीत साडीतली बाई नव्या गाडीवर लटपटली की पानठेल्याला दिवसभराचा विषय मिळतो. म्हणून बाया म्हणतात, मावशी, तुमीच चालवून पाहा. मी पुलापर्यंत जाऊन येते.

पहिलीची मोटर मागच्या चाकात. पायडल नुसतं फिरलं की तिला कळतं आणि ती ढकलते. तुम्ही जोर लावला की नाही याच्याशी तिला घेणंदेणं नाही. सुरुवातीला जरा उशीर करते, मग मागून कोणी कॅरिअर धरून ढकलावं तसा धक्का देते. पाय थांबले तरी क्षणभर पुढेच जाते. दुसरीची मोटर पुढच्या चाकात. ती हँडल ओढते आणि रेतीत चाक घसरवते. ती मी तिथंच बाद केली.

तिसरीची मोटर पायडलपाशी. तिच्यात पायाचा जोर मोजणारं यंत्र असतं, त्याला टॉर्क सेन्सर म्हणतात. जेवढं दाबाल त्या मापाने ती मदत करते. हळू दाबलं तर हळू, जोरात दाबलं तर जोरात. आवाज नाही, धक्का नाही. मोटर आहे असं वाटतच नाही, आपलेच पाय तरणे झाले असं वाटतं. मी चढ चढून वर गेले तरी दम लागला नाही. खुशीत परत आले.

"हीच घे," मी सुजाताला म्हटलं. "ही तुझे पाय पाहून साथ देते. ती पहिली कामचोरांची गाडी आहे."

पानठेल्यावरचे हसले. सुजाताही हसली आणि तिसरी घेऊन गेली. मग ती दुकानात फिरकली नाही. तक्रार नाही म्हणजे गाडी चांगली, असं मी धरून चालले. दोघा-तिघा गिऱ्हाइकांना तिचं उदाहरणही दिलं.

पुलावर मी तिला पुन्हा विचारलं, "गाडी बिघडली होती तं आली काहून नाईस?"

"गाडी चांगलीच आहे वो मावशी. मोटरच देते कमी. तुमीच म्हणलं होतं ना, पाय पाहून देते. आता मीच आंग चोरून राहिली असंन. चारचौघांत कामचोर म्हणवून घ्याले कोण येईन?"

 मी तिच्या पिशव्या उतरवल्या आणि गाडीवर बसले. उजवा पाय पायडलवर नुसता ठेवला, दाबला नाही. डावा पाय दाबला की मोटर यायची. उजव्याची पाळी आली की गप्प. पुढे गेल्यासारखं व्हायचं आणि अडायचं. चढाच्या मधोमध गाडी थांबली आणि मला पाय टेकवावा लागला. मागून एक ऑटोवाला ओरडला, "आजी, चालवता येत नाही तं रस्त्यावर कशाले आणता?" तो बरोबर बोलत होता.

नियम साधा आहे. जोर मोजणारी मोटर जोरवाल्याला जास्त देते. ज्या पायाला जोर द्यायचीच मनाई आहे त्याला ती काय देणार? सुजाताला पहिलीच गाडी हवी होती. आणि मी तिन्ही गाड्या माझ्या धडधाकट पायांनी तोलल्या होत्या.

डीलरला फोन केला. "काकू, वापरलेली गाडी परत घेत नसतो," तो म्हणाला. "डिफेक्ट काय आहे सांगा."

"गाडीत नाही."

"मग कोणात आहे?"

"चालवून पाहणारीत."

"पण चालवून तं तुमीच पाहिली ना?"

"तेच सांगून राहिली."

तो हसला. मग म्हणाला, "मग गाडी तुमालेच परत करा." विनोद बरा होता. मी तेच केलं. तिसरी मी ठेवून घेतली आणि पहिली सुजाताला दिली. आता ती पायडल नुसतं फिरवते आणि चढ चढते.

खानावळवालीकडे मी स्वतः गेले. चूक माझी, सुजाताची नाही, असं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, चहा दिला. होस्टेलची फेरी दिली नाही. मी पोचायच्या आधीच ती दुसऱ्या बाईला गेली होती आणि त्या बाईलाही घर होतं. सुजाताकडे आता गल्लीतले थोडे डबे आहेत.

ट्रायलसाठी मी बायांना आता एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात नेते. तिथं बघायला कोणी नसतं, त्या स्वतः बसतात. त्या उतरून बोलेपर्यंत मी मत देत नाही. कोणी विचारलंच, मावशी, तुमाले कोणती आवडते, तर सांगते, माझ्या आवडीने एका बाईची फेरी गेली, तू तुझं पाहा.