वाटीभर तीर्थ

होसकोट्याच्या अनुसूया अक्कांनी साठ वर्षांत एकही उपवास मोडला नव्हता. त्यामुळे इंदिरानगरच्या लॅबमधल्या खुर्चीत त्या सिंहासनावर बसावं तशा ऐटीत बसल्या. वजन ब्याण्णव किलो, थोरल्या बहिणीची नजर मधुमेहानं गेलेली. आपल्या रक्तात काय चाललंय ते कळलंच पाहिजे, असा त्यांचा निश्चय होता.

"रात्रीपासून काही खाल्लं नाही ना, अक्का?" रक्त घेणाऱ्या गौरीनं दंडाला पट्टा बांधत विचारलं.

"छे! पूजा झाल्यावर पंचामृत घेतलं, तेवढंच."

"किती?"

"वाटीभर. अगं, तीर्थ ते! त्याला कुणी खाणं म्हणतं का?"

"देव म्हणत नसेल, आमचं मशीन म्हणतं." गौरीनं पट्टा सोडला. "दूध, मध, साखर, तूप! आकडे खोटे येतील. उद्या या."

"स्वल्प सांभाळून घे की," यजमान श्रीकांतराव कळवळले. "दोन बस बदलून आलोय."

अक्का ताडकन उठल्या. "खोट्या आकड्याची काय आरती करू? चला, उद्या येऊ."

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर त्यांनी पंचामृत देवापुढे झाकून ठेवलं. "आज आधी रक्त, मग तीर्थ. थांबा जरा," देवालाच बजावलं आणि उपाशीपोटी बस धरली.

संध्याकाळी रिपोर्ट आला. रक्तातली चरबी वाढलेली, साखर मधुमेहाच्या अगदी उंबरठ्यावर. अक्कांनी तो दोनदा वाचला, तळहातावर एकच पळी तीर्थ घेतलं आणि वाटी नवऱ्यापुढे सरकवली.

"अहो, हे संपवा आणि चपला घाला. तळ्यापर्यंत चालून यायचंय."