गोदामातला बाप्तिस्मा

आगमनकाळाचा पहिला रविवार होता. चहा पिता पिता मी नवऱ्याला सांगून टाकलं, "लेकीचा बाप्तिस्मा लातूरलाच होईल. नांदेडला नाही म्हणजे नाही."

नवरा माझा शांत माणूस, कलेक्टर कचेरीत कारकून. लातूर जिल्हा झाला तेव्हा नवी कचेरी आली, नवे शिक्के आले, आणि त्या टेबलांमागं बसवायला ठिकठिकाणाहून उचलून आणलेली आमच्यासारखी माणसं आली. मी शाळेत बाई होते. खटपटी करून मीही बदली मिळवली आणि त्याच्या मागं आले. त्यानं चहा बशीत ओतला, फुंकला आणि विचारलं, "लातुरात देऊळ कुठाय आपलं?"

"नाही तर करू."

"देऊळ म्हणजे काय पापड हाय का, करू म्हणायला?"

आम्ही जुन्या वळणाची ख्रिस्ती माणसं, चर्चला देऊळच म्हणतो. नाताळाच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. येणाऱ्यासाठी घर झाडा, मन झाडा, असं पाळकसाहेब दर वर्षी सांगायचे. मन कसं झाडतात ते मला कधी जमलं नाही. घर झाडायला मात्र मी पक्की.

आता नांदेड का नको, ते सांगते. तिथल्या देवळात शिरलं की डाव्या हाताला बाप्तिस्म्याचं दगडी कुंड आहे. माझ्या थोरल्या लेकराचा बाप्तिस्मा त्याच कुंडात झाला. नुकता रांगायला लागला होता. उन्हाळ्यात हगवण लागली आणि बघता बघता हातचा गेला. त्याची शेवटची प्रार्थनाही त्याच देवळात झाली, आणि त्याला बाहेर नेलं तेही त्या कुंडाला लागूनच्या दारातून. त्यानंतर काही दिवसांतच नवऱ्याची बदली झाली. मला ती देवानंच केल्यासारखी वाटली. पुढं लातुरात ही दुसरी झाली. तिला घेऊन त्या कुंडापुढं उभं राहायची माझी छाती नव्हती. पाळकानं पाण्यात हात घातला की मी तिथंच कोसळणार, हे मला लख्ख ठाऊक होतं.

हे फक्त नवऱ्याला माहीत होतं. सासूबाई नांदेडला थोरल्या दिरांकडं राहायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर त्यांचा एकच निरोप यायचा, आपल्या घरातल्या सगळ्यांचा बाप्तिस्मा नांदेडलाच झाला, नातीचाही तिथंच करायचा. मी उलट निरोप धाडायची, रजा मिळत नाही. रजा मागितली होती कुणी!

नांदेडला पाळक दोन होते. त्यातल्या धाकट्यांनी मला शब्द दिला होता. नाताळची सकाळची उपासना थोरले घेतील, मी जीपनं दुपारी लातूरला येतो, लेकीला बाप्तिस्मा देतो. पण त्यांची एक अट होती. सगळी मंडळी एका छपराखाली बसलेली पाहिजे. आतापर्यंत आम्ही आमच्याच दोन खोल्यांत जमत होतो. दवाखान्यातल्या नर्सा, एक कंपाउंडर, एसटीतला ड्रायव्हर, कचेरीतला शिपाई अशी सगळी बदलीवर आलेली घरं. अर्धी माणसं आत आणि अर्धी बोळात. बोळातल्यांना भजनाचं पहिलं कडवं ऐकू यायचं तोवर आमचं तिसरं चालू असायचं. जागा नाही मिळाली तर नाताळला सगळे आपापल्या जुन्या गावी जाणार आणि माझी लेक त्या कुंडापाशी. म्हणून मी कंबर कसली.

त्या साली पावसानं पार तोंड फिरवलं होतं. टँकर आला की गल्लीत घागरींची लढाई. गंजगोलाईच्या बाजारातल्या आडतीवर एरवी पोत्यांतून वाट काढावी लागायची, तिथं हमाल पत्ते खेळत बसलेले. मी मनात म्हटलं, माल नाही म्हणजे गोदामं रिकामी असणार. शाळा सुटल्यावर लेकीला काखेत मारलं आणि तिकडं निघाले.

एका आडत्याची नात माझ्या वर्गात होती. म्हातारे लिंगायत गृहस्थ, कपाळावर विभूतीचे पट्टे, सगळा बाजार त्यांना आप्पा म्हणायचा.

"आप्पा, तुमचं मागचं गोदाम रिकामंय म्हणतात."

"रिकामंच हाय बाई. तूर न्हाई, मूग न्हाई. उंदरं बी गाव सोडून चालली. तुमाला कशाला पायजे?"

"नाताळची प्रार्थना करायचीय. आणि त्याआधी झाडलोट."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं. "किरिस्ताव का तुमी?"

"हाव."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. असं गप्प होणं माझ्या ओळखीचं होतं. लातुरात खोली बघताना घरोघरी अनुभवलं होतं. मी तिथून हलले नाही. त्यांनी मान वर केली. "देवाच्या कामाचं भाडं मी घेत न्हाई. पर एक गोष्ट. मटण-मच्छी आत आली न्हाई पायजे. अंडं बी न्हाई. आमी तिथं दसऱ्याला वजनाच्या काट्याची पूजा करतो."

"नाही येणार," मी लगेच बोलून गेले. चौकात आल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. बिनमटणाचा नाताळ! बाई गं, आता मंडळी मला फाडून खाणार.

दुसरा रविवार झाडण्यात गेला. नर्सांनी पदर खोचले, तोंडाला फडकी बांधली. भुसा, कोळिष्टकं, तुरीची बारीक पूड, सगळ्यांच्या अंगाला नुसती खाज. शिंकांनी गोदाम दणाणलं. फरशी शहाबादी, पण पुसायला पाणी कुठलं? घरोघरी भांडी विसळलेलं पाणी आठवडाभर राखून ठेवलं होतं, ते आणलं. त्यात एका नर्सबाईंनी फिनेल ओतलं, म्हणून सगळ्या गोदामाला दवाखान्याचा वास सुटला. नवरा शिडीवर चढून छताची जाळी काढून राहिला होता. वरूनच म्हणाला, "पापड बराच लाटला की तू!"

तिसऱ्या रविवारी मी जेवणाची अट सांगितली. नाताळच्या उपासनेनंतर आमचं प्रेमभोजन असतं, सगळ्या मंडळीची एकच पंगत. त्या पंगतीचं मटण करणं हा कंपाउंडरचा मान. उदगीरचा माणूस, गडगडाटी आवाजाचा. तो ताडकन उठला.

"नाताळ अन् मटण न्हाई? मग काय शेपूची भाजी खाऊन हालेलुया म्हणायचं?"

सगळे हसले, आणि त्या हसण्यानं माझं टाळकं सटकलं. "ज्याला मटणासाठी नाताळ पाहिजे त्यानं खाटकाच्या दुकानात उपासना भरवावी!"

"असं? मग आमी चाललो उदगीरला. तुमचं गोदाम तुमाला लखलाभ!" तो निघाला. त्याच्या मागोमाग ड्रायव्हरचं घर उठलं, आणखी दोन घरं उठली.

घरी आल्यावर नवऱ्यानं दार लोटलं. चप्पल काढता काढता म्हणाला, "झालं समाधान? आता पाळकसाहेब काय अर्ध्या मंडळीसाठी जीप पळवतील?" मी भाकरी थापत होते. ती इतक्या जोरात थापली की परातीतच फाटली.

दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन कंपाउंडरच्या क्वार्टरवर गेले. तो बाजेवर बसून होता, मला बघून त्यानं मान फिरवली. त्याच्या बायकोनं पाणी दिलं, दुष्काळातलं अर्धा ग्लास.

"मी माफी मागायला आले नाही," मी म्हटलं. "हे गोदाम मला का पाहिजे, ते सांगायला आले."

आणि सांगितलं. कुंड, थोरला, ते दार, सगळं. नवऱ्याशिवाय कुणापुढं ते मी पहिल्यांदाच बोलत होते, तेही भांडण झालेल्या माणसापुढं. त्याच्या बायकोनं पदर डोळ्याला लावला. त्यानं फिरवलेली मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "हे आधी का न्हाई सांगितलं बाई? मी काय राक्षस हाय का?"

"सांगण्यासारखं होतं का ते?"

"मटणासाठी भांडण्यासारखं तरी व्हतं का?" तो उठला, बायकोला म्हणाला, "येसर भाजायला घे." येसराची आमटी आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत असते, डोळ्यातून पाणी काढणारी. "मटणाचा सगळा मसाला घालतो, फकस्त मटण घालत न्हाई. लोकं बोटं चाटत न्हाई बसले तर नाव बदलीन."

सासूबाई नाताळच्या आदल्या दिवशी एसटीनं आल्या, तोंड फुगवूनच. मी त्यांना गोदाम दाखवायला नेलं. रंगीत कागदाच्या पताका, कोपऱ्यात कडब्याची गव्हाणी, तिच्यात येशूबाळ. त्यांनी चारी भिंतींवरून नजर फिरवली. "हितं? पोत्यांच्या जागंत?"

"येशूबाळ तर गोठ्यात जन्मला, आत्याबाई."

"त्याला दुसरी जागा नव्हती. तुला व्हती."

मी दात आवळले. नाताळच्या सणाला भांडायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि ते ठरवणं मला फार जड गेलं.

पण नाताळ झाला! जीप आली, सगळी मंडळी आली, उठून गेलेली घरंही आली. गोदामात आवाज असा घुमला की आम्हीच चकित झालो, एवढी माणसं आहोत आम्ही? टेबलावर पितळी गंगाळ ठेवलं होतं. पाळकसाहेबांनी पाण्यात हात घातला. मी नवऱ्याचा दंड घट्ट धरला. लेकीच्या कपाळावर पाणी पडलं आणि तिनं जो भोंगा पसरला, तो गोलाईपर्यंत गेला असेल. मी कोसळले नाही. हसतच होते. जिंकले मी, असं अगदी वाटलं. का खोटं बोलू?

पंगत बसायच्या वेळी आप्पा दारात येऊन उभे राहिले. नाक वर करून वास घेतला आणि चेहरा कडक केला. "बाई, शब्द दिला व्हता तुमी."

कंपाउंडरनं पातेल्याचं झाकण काढलं, पळी तळापर्यंत फिरवून वर काढली. "बघा आप्पा. डाळ अन् येसर. अजून काय निघालं तर माझं बोट असंल." आप्पांनी नीट वाकून पाहिलं. "बरंय," म्हणाले आणि गेले. जेवायला थांबले नाहीत. ते दिवस तसे नव्हते, आणि मीही कुणाला आग्रह करणाऱ्यातली नाही.

पंगत उठल्यावर बघते तर सासूबाई बाहेर पायरीवर. मांडीवर लेक झोपलेली, शेजारी ताट तसंच झाकलेलं. मला आलाच राग. आज तरी या बाईनं दोन घास गोड मानून खावेत की नाही?

"आता तरी रुसवा सोडा आत्याबाई. झालं ते झालं."

"रुसले न्हाई गं," त्या म्हणाल्या. आवाजात नेहमीचा ठसका नव्हता. "आपलं लेकरू गेल्यापासून मी देवळात आत जात न्हाई. दर रविवारी धुतलेलं लुगडं नेसते, जाते, अन् भाईर कडुलिंबाखाली बसते. दारातून ते कुंड दिसतं. पाय उचलत न्हाई. तुझ्या दिराला वाटतं, म्हातारीचे गुडघे दुखून राहिले." त्यांनी लेकीच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. "मला वाटलं व्हतं, ही आली. हिला कडेवर घेतली की जाता येईल आत. एकटीच्यानं न्हाई व्हत."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू तरी कुठं सांगितलंस? रजा न्हाई म्हणलीस."

मी तिथंच पायरीवर बसले आणि रडले. मोठ्यानं, हमालांसमोर, लाज सोडून. थोरला गेला तेव्हासुद्धा इतकी रडले नव्हते. तेव्हा माझं दुःख माझ्या एकटीचं होतं आणि मी ते कुणाला हात लावू देत नव्हते. सासूबाई माझी पाठ चोळत राहिल्या. एका हातानं माझी, दुसऱ्यानं लेकीची.

मग मी नाक पुसलं. रडून झालं की मला पुन्हा जोर येतो, माझं तसंच आहे. "नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी नांदेडला जायचं. तुम्ही हिला घेऊन आत जायचं."

"येडी का काय? बाप्तिस्मा दोनदा होत न्हाई."

"बाप्तिस्मा नाही. नुसतं आत जायचं, बाकावर बसायचं."

"अन् तू?"

"मी बसते तुमच्या कडुलिंबाखाली."

त्या रविवारी आम्ही गेलो. सासूबाईंनी दारात क्षणभर लेकीला छातीशी धरलं आणि आत गेल्या, कुंडाकडं मान न वळवता. मी बाहेर बसले. तिथून खरंच कुंड दिसत होतं. पहिलं भजन झालं, शास्त्रपाठ झाला. मी पाचोळा चुरगळत बसले होते आणि ठरवलं होतं की उठायचं नाही. तेवढ्यात आतून लेकीचं रडणं सुरू झालं. भुकेचं रडणं, आईला दुरूनही कळतं. सासूबाई तिला थोपटत असतील, पण ते थोपटण्यानं राहणारं नव्हतं. रडणं वाढत चाललं, आणि माझं पोलकं ओलं झालं. मी उठले. कुंडाजवळून जाताना त्याच्या कडेला हात टेकवावा लागला. दगड गार होता. मी पुढं गेले. सासूबाईंनी वळून न बघता लेक माझ्याकडं दिली, आणि सरकून बाकावर मला जागा केली.