काशीनाथकाकांच्या हातातला पेढा

काशीनाथकाका परभणीत स्टेशन रोडजवळच्या गल्लीत कूलर दुरुस्त करतात. मार्च लागला की दुकानापुढे लोखंडी पेट्यांची रांग लागते. जाळीतला जुना वाळा काढायचा, नवा भरायचा, मोटार चालते का बघायचं. एम.ए. झाल्यापासून मी रोज तिथल्या बाकावर बसतो. ते साठीचे, मी पंचविशीचा. तरी मैत्री आहे.

बाकावर आणखी दोघे असतात. मोईनभाई उर्दू शाळेतले निवृत्त मास्तर. तात्याराव पेडगावचे, निवृत्त ग्रामसेवक. तात्याराव तरुणपणी बहाई झाले, म्हणजे बहाउल्लाहना मानणाऱ्या धर्मात गेले. त्यांच्या आईला वाटलं, पोराने एक उपवास वाढवला. तिने तो एकादशीच्या जोडीला धरला आणि विषय संपवला.

दुपारी तिघे डबे उघडत आणि दोघे भांडत. देव माणसाशी बोलला, यावर एकमत. बोलणं पुरं झालं की अजून चालू आहे, यावर भांडण.

"मुहंमद पैगंबर आखरी नबी," मोईनभाई म्हणत. "जिब्रील फरिश्त्यानं अल्लाहचा कलाम, त्याचा शब्द आणला, कुरआन पुरा झाला. आता नवीन कोण येनार?"

"पैगंबरांना आमीबी खरंच मानतो की," तात्याराव म्हणत. " कुरआनबी ईश्वराचाच. पर कृष्ण आले, बुद्ध आले, मूसा आले, ईसा आले, पैगंबर आले, मग बहाउल्लाह आले. युग बदललं की देव पुन्हा बोलतो."

"आणि कुरआनात नबींवर मोहर लागली म्हटलंय, ते?"

"ती मोहर एका युगावर. नवं युग, नवा कागद."

"मोहर मानतो आणि पाकीट फोडतो! वा रे ग्रामसेवक. मग बहाउल्लाहनंतर कोण?"

"येतील. पर हजार वर्षं तरी न्हाई."

"म्हणजे तुमचाबी दरवाजा बंदच."

"बंद न्हाई. नुसता ओढून घेतलाय."

एकदा काकांनी मध्ये तोंड घातलं. "हे आपल्या वाळ्यावानी हाय का? पाणी तेच, हंगामाला वाळा नवा?"

"बराबर," तात्याराव म्हणाले.

"वाळा कुजतो म्हणून बदलतात," मोईनभाई म्हणाले. "कलाम कुजत न्हाई. त्याच्या हिफाजतीचा जिम्मा खुद्द अल्लाहनं घेतलाय."

"म्हणजे नबी हे कूलर..." काकांनी सुरू केलं.

"काशीनाथ!" दोघे एकदम ओरडले.

काकांना वादात रस नव्हता. त्यांना बाक भरलेला लागायचा. मागे एका उन्हाळ्यात भांडण विकोपाला गेलं होतं. दोघेही यायचे बंद झाले. काका दुकानाचं शटर अर्धं ओढून आत, पेट्यांच्या मध्ये बसून जेवायचे. तो उन्हाळा ते अजून विसरलेले नाहीत.

त्यात गेल्या मार्चमध्ये दोघांचे उपवास एकदमच लागले. मोईनभाईंचे रमजानचे रोजे, तात्यारावांचे बहाई उपवास. मोईनभाईंचा पहाटेपासून, तात्यारावांचा सूर्य उगवल्यापासून, दोघांचाही मावळेपर्यंत. काकांनी पहिल्या दिवशी दोघांसाठी मोठ्या प्रेमाने साबुदाण्याची खिचडी आणली. खिचडी चालत नाही, पाणीसुद्धा चालत नाही, हे ऐकून ते सुन्न झाले.

"पाणीबी न्हाई? मग हा उपवास कशाचा?"

काकांच्या घरचा रिवाज असा, की समोरचा उपाशी असताना घास उचलायचा नाही. त्यांनी डबा झाकला. तो गल्लीतल्या गाईला घातला. दुसऱ्या दिवशीही घातला. मग रोजच घालू लागले. काका दोघांबरोबर दिवसभर उपाशी राहिले. त्या दिवसांत बाकावर कमालीची शांतता होती. भांडायला ताकद कुणाला होती?

वीस मार्चला सकाळी तात्याराव नवी टोपी घालून आले. "नवरोज! आमचं नवं वर्ष. उपवास सुटले." त्यांनी काकांच्या हातावर पेढा ठेवला. "खा, काशीनाथ."

"नक्को खाऊ," मोईनभाई म्हणाले. "तुझे रोजे कुठं सुटले? ईद अजून लांब हाय."

"त्यानं आमच्याबरुबर धरले होते."

"हौ? तुमच्याबरोबर कायकू? रमजान हाय."

दोघे काकांकडे बघू लागले. पेढा खाल्ला, तर नवं युग आलं. ठेवला, तर दरवाजा बंद. आखरी नबी कोण, हा प्रश्न इतकी शतकं चालत आला आणि आता एका कूलरवाल्याच्या मुठीत आला होता.

"तू साहित्य शिकलास ना?" काका मला म्हणाले. "सांग."

मी जवळच्या पेटीतला कुजका वाळा उपसू लागलो.

"खाल्ला तर मोईन उठून जाईल," ते हळूच म्हणाले. "ठेवला तर तात्या."

म्हणून त्यांनी पेढा हातातच धरला.

तसेच ते कामाला लागले. एका हाताने पेटी उघडली. एका हाताने वाळा भरता येत नाही. तात्याराव उठले आणि त्यांनी जाळी धरली. मोईनभाईंनी वाळा भरला. दोघांनी मिळून चार स्क्रू पिळले आणि प्रत्येक स्क्रूवर वाद घातला. गिऱ्हाईक विचारायचं, "काका, हाताला काय झालं?" काका म्हणायचे, "विचार चालू हाय."

ऊन चढलं. पेढा मऊ होऊन बोटांतून वर यायला लागला.

भर दुपारी काकांच्या बायको, विमलाकाकू आल्या. मागे गाय होती. त्या दिवशी काकांचा हात अडकल्याने तिला डबा मिळाला नव्हता, म्हणून ती वास काढत थेट घरी गेली होती.

"ही माझ्या दारात का उभी हाय?" काकूंनी विचारलं.

काकांनी खाली बघितलं. मला राहवलं नाही, मी सगळं सांगितलं. काकू दोघांकडे वळल्या.

"भाऊजी, या माणसाला शुगरची गोळी चालू हाय. तुमच्या कुठल्या पैगंबरानं याला उपाशी ठेवायला सांगितलं?"



"आजाऱ्याला माफी हाय," मोईनभाई म्हणाले. "कुरआनात साफ सांगितलंय."

"आमच्यातबी माफी हाय," तात्याराव म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी एकमेकांकडे असं घाबरून बघितलेलं मी पाहिलं नव्हतं.

"काशीनाथ, बोलला का न्हाईस?" तात्याराव म्हणाले.

"बोललो असतो तर तुमी म्हणला असता, घरी जाऊन जेव. मग इथं काय करू?"

काकूंनी दुकानातला डबा उघडून भाकरी पुढे केली. काका मोईनभाईंकडे बघत राहिले.

"खा रे," मोईनभाई ओरडले. "मी भूक सोसतो, पर तुझं उपाशी तोंड बघवत न्हाई. तो पेढा दे इकडं."

त्यांनी काकांची मूठ उघडली. पेढा पेढ्यासारखा राहिलाच नव्हता. त्यावर चार बोटं उमटली होती आणि वाळ्याची एक काडी चिकटली होती. मोईनभाईंनी तो कागदात बांधून खिशात ठेवला.

संध्याकाळी अजान झाली. मोईनभाई खजूर खाऊन पाणी प्यायले. मग त्यांनी कागद सोडला, काडी काढली आणि पेढा तोंडात टाकला. तात्याराव पेडगावची गाडी सोडून थांबले होते.

"कसा हाय?"

"गोड हाय," मोईनभाई बोटं चाटत म्हणाले. "पर हा आखरी."

"औंदाचा," तात्याराव म्हणाले.

काकांनी उद्या दोघांनी मिळून भरायला आणखी एक पेटी बाकाजवळ ओढून ठेवली.