परत येणारं मूल

मी घाबरले की फार बोलते. लेस्टरच्या लायब्ररीत दर मंगळवारी आमचा आफ्रिकन कादंबऱ्यांचा वर्ग भरतो. तिथे त्या संध्याकाळी मी जरा जास्तच बोलले. विषय होता नायजेरियातल्या इग्बो लोकांचा. त्यांची एक जुनी समजूत कादंबऱ्यांतून सारखी भेटते. एखाद्या बाईची मुलं एकामागून एक दगावली, तर ती वेगवेगळी मुलं नसतात. आईला छळायला एकच मूल पुन्हा पुन्हा जन्म घेतं आणि जातं. त्या मुलाला ओग्बांजे म्हणतात.

मला गरोदरपणाचा दहावा आठवडा चालू होता आणि वर्गात कुणाला सांगितलं नव्हतं. त्या मुलाची पानं माझ्याच्यानं पुरी वाचून झाली नव्हती. म्हणून की काय, मी ठसक्यात म्हणाले, "ही शुद्ध अंधश्रद्धा. आमच्याकडे असलं काही नाही."

आमच्या वर्गात एक वयस्क इग्बो बाई आहेत, रिटायर्ड नर्स. सगळे त्यांना आंटी म्हणतात. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्या भागातला गोरा डॉक्टरही हेच म्हणायचा. मिशनच्या शाळेत हा शब्द काढला तरी छडी बसायची. माझ्या आईचा शब्द त्यांनी काढून घेतला, पण माझ्या दोन बहिणींचं रक्त काही कुणी तपासलं नाही. सिकलसेल होता त्यांना. मला तो इथे येऊन नर्सिंग शिकताना कळला."

मी चंद्रपूरची. आमच्या भागात हा रक्ताचा आजार सगळ्यांना ऐकून माहीत असतो, आणि तो दुसऱ्यांच्या घरात असतो अशी प्रत्येकाची खात्री असते. माझीही होती. आणि मिडवाइफनं आठवड्यापूर्वीच माझं रक्त घेतलं होतं.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. मी कॅरिअर, म्हणजे त्या आजाराची वाहक, निघाले. मला आजार नाही, पण बाळाचे बाबाही कॅरिअर असतील तर बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक, असं तिनं समजावलं. मग विचारलं, "तुमच्या घरात कुणी लहानपणी गेलंय का?"

मी "नाही" म्हणाले. मला खोटं बोलायचं नव्हतं, देवाशपथ. आमच्या घरात गेलेली मुलं मोजायचीच नसतात. आईला किती मुलं असं कुणी विचारलं, तर ती "एक" म्हणते. माझ्याआधी तीन गेली, हे मला एका काकूनं कधीतरी भाजी निवडताना सांगितलं होतं. ते आईला विचारायचं नाही, हे मला कुणी न सांगताच कळलं होतं.

नवरा नागपूरचा. "अगं, मी हाफ मॅरेथॉन धावतो, मला काय होणार? नेक्स्ट वीक बघू ना," म्हणाला. मी त्याच्यावर अशी ओरडले की तो दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन रक्त देऊन आला. रिपोर्ट आला त्या दिवशी तो कोट न काढता सोफ्यावर बसून राहिला. "मी पण," एवढंच म्हणाला. गेल्या शुक्रवारी हॉस्पिटलात माझ्या पोटात सुई घालून बाळाचा नमुना काढला. रिपोर्ट यायचा आहे. तोवर मी जेवते, ऑफिसच्या मीटिंगांना बसते आणि दर तासाला बाथरूममध्ये जाऊन रक्त तर जात नाही ना ते बघते.

हॉस्पिटलनं घरचा इतिहास पुन्हा मागितला, तेव्हा रविवारी दुपारी आईला फोन केला.

"आई, माझ्याआधीची तीन कशानं गेली गं?"

"काऊन विचारतेस हे आता?"

मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, ती रडेल.

"तीन नव्हती वं," ती म्हणाली. "एकच होतं. तूच होतीस. तीनदा येऊन गेलीस. चौथ्या खेपेला तुला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं उचलून परत आणून दिलं, तेव्हा कुठे राहिलीस. फार रडवलंस मला."

आई, तो आजार होता, तुझ्या आणि बाबांच्या रक्तातून आलेला, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. ते बोलले असते तर त्याच क्षणी तिची तीन मुलं मेली असती, आणि तीही तिच्याच रक्तानं. आजवर तिचं एकही मेलं नव्हतं. जे गेलं होतं ते परत आलं होतं आणि आता लेस्टरहून तिच्याशी फोनवर बोलत होतं.

माझा हात पोटावर होता.

"आई," मी म्हणाले, "चुकलं माझं."