केळीचं बी

मुलांनी वर्गात प्रश्न विचारावेत की नाही, यावर कोणी शहाणपणाचं बोलायला लागलं की माझा डावा गाल आजही गरम होतो. आम्हाला प्रश्नांची बंदी नव्हती. रावेर तालुक्यातल्या आमच्या गावात स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी जे गुरुजी धुळ्याकडून बदलून आले, ते उलट विचारा म्हणून मागे लागायचे. त्यांचा नेम पहिल्याच दिवशी कळला. कोणीही उठून प्रश्न विचारायचा. ज्याला उत्तर येणार नाही त्याचं नाक विचारणाऱ्यानं डाव्या हाताच्या चिमटीत धरायचं आणि उजव्या हातानं थोबाडीत द्यायची. हळू मारली, तर जोरात कशी मारतात ते गुरुजी मारणाऱ्याच्याच गालावर दाखवायचे. उत्तर न येणारा मग कोणी का असेना, असंही ते म्हणाले होते.

मी चौथीत होते, वर्गात एकटी मुलगी. खोटं कशाला बोलू, मला हे फार आवडलं. घरात-गावात ज्या पोरांपुढे मान वर करायची सोय नव्हती, त्यांची नाकं माझ्या चिमटीत यायची. सगळ्यात जास्त खायचा तो माझा चुलतभाऊ. तो माझ्याहून मोठा, नापास होऊन माझ्याच वर्गात आलेला, शेवटच्या तरटावर बसायचा. दिवसा मी त्याला थोबाडीत द्यायचे आणि संध्याकाळी गोठ्यात तो माझी वेणी पिरगाळून पाठीत बुक्के घालायचा. पाठ ठणकत असताना मी उद्याचा अवघड प्रश्न शोधून ठेवायचे.

पाठ सुजली तरी घरी मी अवाक्षर काढत नव्हते. त्याला कारण होतं; बोलले असते तर वर्गात मी त्याला मारते हेही बाहेर आलं असतं. वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. चौथी झाल्यावर मला रावेरला मावशीकडे ठेवून पुढे शिकवायचं त्यांनी कबूल केलं होतं, पण शाळेतून माझी एक जरी तक्रार आली तर दुसऱ्या दिवसापासून केळीच्या बागेत, असंही बजावलं होतं. ते रावेर मला जिवापाड हवं होतं.

एका दुपारी गुरुजी शिकवत होते की बियांतून झाड येतं, झाडाला फळ येतं, फळात पुन्हा बी असतं. मी उठले. आमच्या केळात बी नसतं, आम्ही कंद लावतो, तर मग पहिली केळ कशातून आली, असं विचारलं. गुरुजी केळीच्या मुलखातले नव्हते. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग टेबलावरचा खडू उगीच इकडून तिकडे ठेवला. नीट प्रश्न विचार, म्हणाले. मी तोच पुन्हा विचारला.

मागून माझा चुलतभाऊ हसला. "गुर्जी, नेम बठ्ठ्यासले सारखा ना?"

सगळ्यांना, म्हणजे गुरुजींनाही. गुरुजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते खुर्ची सोडून माझ्यासमोर आले आणि खाली वाकले.

"धर नाक," ते म्हणाले.

त्यांच्या मिशीला तपकिरीचा वास होता. हळू मारली तर काय होतं ते मला ठाऊक होतं, म्हणून मी अंगातला सगळा जोर लावून मारली. त्यांची टोपी उडून तरटावर पडली. ती त्यांनी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली, मला बसायला सांगितलं आणि मागे जाऊन माझ्या चुलतभावाला छडी मोडेपर्यंत मारलं. तो हसला म्हणून.

मी गुरुजींना मारल्याचं त्यानं घरी पोचायच्या आधीच गावभर केलं. भाऊंनी मला ओट्यावर ओढलं आणि केळीच्या सोपटाच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या, ओल्या दोरानं मारायला सुरुवात केली. ओला दोर सुक्यापेक्षा जास्त लागतो. गुरूवर हात टाकणारी पोर आमच्या कुळात झाली नव्हती, असं ते दर फटक्याला म्हणत होते. तेवढ्यात गुरुजी आले. माझाच नेम होता, मीच मार म्हणालो, माझी काही तक्रार नाही, असं त्यांनी सांगितलं. तक्रार नाही! माझं रावेर वाचलं होतं. पण भाऊंचा हात वरच होता, तो खाली येऊ लागला आणि गुरुजींनी त्यांचं मनगट धरलं.

मारणारा हात कोणी धरलेला मी तोवर पाहिला नव्हता. शेजारीपाजारी ओट्याखाली जमले होते. भाऊंनी मनगट सोडवून घेतलं आणि दोर खाली टाकला.

"माह्या ओट्यावर माहा हात धरता, गुर्जी? मंग आता ही पोर तुमची शाळा पाहत नही."

ज्या माणसानं मला सोडवलं, त्यानंच माझी शाळा घालवली. मला गुरुजींचा राग आला, भाऊंचा तर आलाच आणि तो त्यांच्या सरणापर्यंत गेला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी बागेत केळीची वाळकी पानं कापू लागले. बरेच दिवस गेले. एका संध्याकाळी चुलतभाऊ शाळेतून थेट बागेत आला, दप्तर बांधावर टाकलं आणि म्हणाला की तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर गुरुजींनी आज वर्गात सांगितलं. काय सांगितलं, मी विचारलं.

"तुले येते का?"

"नही."

त्यानं तळहात सदऱ्याला पुसला. मी विळा खाली ठेवला आणि वर्गात उभी राहायचे तशी ताठ उभी राहिले. त्यानं माझं नाक चिमटीत धरलं आणि ठेवून दिली. कान वाजला, तोंडात रक्ताची चव आली. मग त्यानं खिशातून काढून एक टणक काळं बी माझ्या हातावर ठेवलं. गुरुजींनी सातपुड्यातल्या लाकूडवाल्यांकडून रानकेळ मागवली होती. तिच्या फळात अशा बियाच बिया असतात, गर नावाला. पहिली केळ तशी होती, असं गुरुजी म्हणाले.

त्यानं नेमाप्रमाणे जोरात मारली होती; हळू मारली असती तर मी आता वर्गातली उरले नाही असा त्याचा अर्थ झाला असता. तो दप्तर उचलून निघून गेला, आणि मी ते बी मुठीत धरून केळीखाली बसले आणि पोटभर रडले.