बोटाएवढा खडा

परभणीच्या एमआयडीसीत मॅग्नेशियम सल्फेटचा एक छोटा कारखाना आहे, तिथे मी केमिस्ट आहे. कापसाची पानं लाल पडली, म्हणजे लाल्या आला, की शेतकरी हेच मीठ फवारतात. आम्ही कच्चा माल पाण्यात विरघळवतो, गाळतो, आटवतो आणि ढवळत ढवळत थंड करतो. मीठ साखरेसारखं बारीक होऊन तळाशी बसतं, घाण पाण्यातच राहते. माझा माल इतका शुद्ध असायचा की त्याचं कौतुक अख्ख्या कारखान्यात मला एकटीलाच होतं.

उन्हाळ्यात एकदा भर दुपारी लाईट गेली ती संध्याकाळपर्यंत आलीच नाही. ढवळणी बंद पडली, टाकी आपली आपण निवत गेली. सकाळी पाहते तर टाकीला बोटाएवढे चकचकीत खडे चिकटलेले. तपासले, तर मळकट पाणी आणि गाळ त्यांच्या पोटातच अडकलेला.

"हे सगळं परत विरघळवावं लागेल," मी म्हणाले.

मालकांनी एक खडा उजेडात धरला. "मॅडम, येड लागलं का? हिरा हाय हिरा!"

त्यांनी तो माल तसाच पिशव्यांत भरून विकला. थोड्याच दिवसांत पालम गावच्या खतांच्या दुकानांतून निरोप आला, तसलाच खडा पाठवा. तेव्हापासून लाईट असतानाही आम्ही ढवळणी बंद ठेवू लागलो.

पालमला माझे मामा कापूस लावतात. त्यांनीही मला कौतुकानं खड्याची पिशवी दाखवली. मला राहवेना. दोन ग्लासांत पाणी घेतलं. एकात माझ्या पर्समधल्या जुन्या नमुन्याचा बारीक माल टाकला, दुसऱ्यात मामांचा खडा. बारीक माल लगेच विरघळला, पाणी नितळ. खडा विरघळायला बराच वेळ लागला, आणि पाणी पिवळट, गढूळ.

"बघा मामा, कळलं का आता?"

मामांनी दोन्ही ग्लास निरखले. "कळलं की. माझ्यात कायतरी हाय म्हणून तर दिसायलंय. तुझ्यात काय हाय? नुसतं पाणी!"

मामी तोंडाला पदर लावून हसली. माझ्या एमएस्सीचा विषय त्या दिवशी पुन्हा कुणी काढला नाही.

पुढे फवारताना मामांच्या पंपाचं नोझल सारखं तुंबायला लागलं. त्यांनी पंपवाल्याला मनसोक्त शिव्या घातल्या आणि नवं नोझल बसवलं. लाल्या मात्र आटोक्यात आला. लगेच त्यांचा फोन, "पोरी, तुमच्या मालकाला सांग, लय झकास माल हाय. खडा जरा अजून मोठा करा म्हणावं."

मी निरोप पोचवला. मालकांनी त्याच दिवशी नवीन टाकीची ऑर्डर दिली, बिनढवळणीची.